रस्त्याची खरी पायरी

अगं, तुझा प्रश्न रास्त आहे. तुझ्या आजोळचा रस्ता ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून काढलेल्या मोकळ्या नकाशावर, बारीक पांढऱ्या रेघेसारखा दिसतो, झूम केल्याशिवाय सापडतही नाही. तोच 'प्रायमरी' वर्गात टाकला तर केशरी होईल, जाड होईल, लांबूनही दिसेल. मग करू का ताई, असं तू विचारलंस. त्यामागची माया मला कळते. ज्या रस्त्याने लहानपणी सुट्टीला गेलीस तो नकाशावर ठसठशीत दिसावा असं वाटणारच. तरीही सांगते, करू नकोस. नुसतं 'करू नकोस' म्हणून तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून बैजवार सांगते. थोडं लांबेल, पण ऐक.

तू लावलेला टॅग, म्हणजे रस्त्याच्या वर्गाची नोंद, माणसांच्या आधी यंत्र वाचतं. रस्ता शोधून देणारी कितीतरी इंजिनं आपल्या याच डेटावर चालतात. त्यांतलं ओएसआरएम हे नावाजलेलं आणि मोफत. रस्त्यावर वेगमर्यादेची वेगळी नोंद नसेल तर ते रस्त्याच्या वर्गावरून वेग गृहीत धरतं. कारसाठीच्या त्याच्या मूळ सेटिंगमध्ये मोटरवेला ताशी ९० किलोमीटर, ट्रंकला ८५, प्रायमरीला ६५, सेकंडरीला ५५, टर्शरीला ४० आणि अनक्लासिफाइडला २५ धरले आहेत. आता तुझ्या आजोळचा रस्ता समज १० किलोमीटरचा आहे. तो अनक्लासिफाइड असेल तर इंजिनाच्या हिशेबाने २४ मिनिटं लागतात. तोच प्रायमरी केलास की सव्वानऊ मिनिटं. रस्ता तसूभर रुंद झालेला नाही, एक खड्डा बुजलेला नाही, आणि यंत्राला वाटतं की पंधरा मिनिटं वाचली.

मग काय होतं बघ. हमरस्त्याने सरळ गेला असता तो ट्रक आता तुझ्या गावातून वळतो. जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून, देवळाच्या पाराला खेटून, जिथे समोरून उसाची बैलगाडी आली तरी एकाला खाली उतरावं लागतं अशा रस्त्याने. ड्रायव्हर बिचारा स्क्रीनवर विश्वास ठेवून आलेला असतो. शिवाय दवाखान्यात निघालेल्या घराला 'नऊ मिनिटांत पोचाल' असं सांगितलं जातं आणि प्रत्यक्षात अर्धा तास जातो. आपण माया म्हणून वर्ग वाढवायचा आणि ट्रक घालायचे गावाच्याच अंगावर, असं होतं ते.

उलटी चूक याहून घातक आहे, आणि ती मी फार वेळा पाहते. लांबच्या शहरात बसलेला कुणी मॅपर सॅटेलाइट इमेजवर डोंगरात जाणारी तपकिरी रेघ बघतो. डांबर दिसत नाही म्हणून तिला 'ट्रॅक' म्हणून मोकळा होतो. त्याचा हेतू वाईट नसतो. पण ओएसआरएमच्या कारच्या सेटिंगमध्ये ट्रॅक धरलेलाच नाही. म्हणजे त्या रेघेच्या टोकाला जी वाडी आहे, तिथे गाडीने जाताच येत नाही असा निकाल यंत्र देऊन टाकतं. वाडीत जीप रोज जात असते, गॅसच्या टाक्या घेऊन टेम्पो जात असतो, आणि नकाशाच्या लेखी ती वाडी तुटलेली.

म्हणून मनाशी पक्कं धर: रस्ता कसा दिसतो यावर त्याचा वर्ग ठरत नाही, तो कुणाला कुठे पोचवतो यावर ठरतो. गावाला जाणारा एकुलता एक रस्ता कच्चा असला तरी तो गावाचा रस्ता आहे. वर्गात लिही अनक्लासिफाइड आणि पृष्ठभागाच्या रकान्यात लिही कच्चा. ट्रॅक कुणासाठी? पाणंदीसाठी, शिवरस्त्यासाठी, उसाच्या फडात शिरून तिथेच संपणाऱ्या गाडीवाटेसाठी, वनखात्याच्या जंगलातल्या रस्त्यासाठी. आफ्रिकेत काम करणाऱ्या मॅपर्सनाही हाच पेच पडला होता, कारण तिथे मोठमोठी शहरं जोडणारे रस्तेही मातीचे असतात. त्यांनीही हेच ठरवलं, की रस्त्याचं महत्त्व एका रकान्यात आणि त्याची अवस्था दुसऱ्या.

आता वर्ग ठरवायचा कसा? इथे आपलं नशीब चांगलं आहे. आपल्याकडे सरकारी उतरंड आधीपासून आहे, आणि तिचं मूळ आपल्या नागपुरात आहे. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात परिषदेला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तिला नागपूर योजनाच म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही विभागणी तिथे पक्की झाली. प्रांत गेले, राज्यं आली, तसे प्रांतिकचे राज्य महामार्ग झाले. ओपनस्ट्रीटमॅपची उतरंड मात्र ब्रिटनच्या रस्त्यांवरून घेतलेली आहे, कारण स्टीव्ह कोस्टने २००४ मध्ये हा प्रकल्प तिथे सुरू केला. भारतातल्या मॅपर्सनी या दोन उतरंडींची सांगड घातली. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे ट्रंक, राज्य महामार्ग म्हणजे प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग म्हणजे सेकंडरी, इतर जिल्हा मार्ग म्हणजे टर्शरी. त्याखाली गावं-वाड्या जोडणारे ग्रामीण मार्ग ते अनक्लासिफाइड. घरांपुढून जाणाऱ्या गल्ल्या आणि आळ्या रेसिडेन्शिअल. सगळ्यांच्या वर मोटरवे, तो फक्त द्रुतगती मार्गांसाठी. आणि हो, ज्याचा वर्ग तुला कळलेला नाही असा रस्ता अनक्लासिफाइडमध्ये ढकलू नकोस. त्यासाठी नुसता 'रोड' असा तात्पुरता टॅग आहे. पुढचा कुणी तिथे जाऊन तो नीट करतो.

हे सगळं घरात बसून ठरवायची गरज नाही. रस्त्याला लागलीस की सार्वजनिक बांधकाम खात्याचे फलक वाचत जा. 'प्रजिमा' आणि पुढे आकडा दिसला की प्रमुख जिल्हा मार्ग, 'इजिमा' म्हणजे इतर जिल्हा मार्ग, 'ग्रामा' म्हणजे ग्रामीण मार्ग. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघ. पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग, केशरी असेल तर गावचा रस्ता, बहुधा २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतला. एसटीच्या खिडकीशी बसलीस तर हे सगळं आपोआप डोळ्यांखालून जातं. मोबाइलवर फोटो काढून ठेव, घरी आल्यावर उपयोगी पडतो.

क्रमांकाच्या बाबतीत मात्र सावध राहा. २०१० साली राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने लावले गेले, आणि जुने आकडे अजून लोकांच्या तोंडात, दुकानांच्या पाट्यांवर, लग्नपत्रिकांवरसुद्धा आहेत. कोकणातली माणसं आजही 'सतरा नंबर' म्हणतात, तो आता ६६ आहे. मुंबई-पुणे-बेंगळुरूचा ४ होता, तो ४८ झाला. पुणे-नाशिकचा ५० होता, तो ६० झाला. पुणे-सोलापूरचा ९ होता, तो ६५ झाला. नव्या आकड्यांना सूत्र आहे, ते एकदा कळलं की चूक लगेच डोळ्यांत भरते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत येतात, म्हणून अगदी पश्चिम किनाऱ्याने जाणारा ६६. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम आकडे, ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. तीन आकडी असेल तर ती शाखा, आणि शेवटचे दोन आकडे मूळ महामार्गाचे. १६० ही ६० ची शाखा, ५४८ ही ४८ ची. जुना क्रमांक पुसून टाकू नकोस, त्याच्यासाठी वेगळा रकाना आहे, तिथे ठेव. कुणी म्हातारा माणूस 'सतरा नंबर' म्हणून शोधेल तेव्हा त्यालाही सापडला पाहिजे.

आता उतरंड पाठ झाली तरी डोकं चालवावंच लागतं. समृद्धी महामार्ग घे. तो राष्ट्रीय महामार्ग नाही, राज्याने बांधलेला आहे. म्हणून कुणी त्याला प्रायमरी करायला गेलं तर चुकलं. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातलं आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता. नागपूर-शिर्डीचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये. त्यावर मधेच कुठून शिरता येत नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरूनच चढायचं आणि उतरायचं. दुचाकींना आणि रिक्षांना मज्जाव आहे. तो मोटरवेच. उलट मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग बघ. नावात द्रुतगती आहे, पण उपनगरात त्यांच्यावर रिक्षा चालतात, स्कूटर चालतात, बेस्टच्या बस थांबतात. नाव काहीही असो, त्यांना मोटरवे करायचं नाही. एखाद्या स्कूटरवाल्या मुलीला नकाशा सांगेल की या रस्त्याने जायला मनाई आहे, आणि तिचा रोजचा रस्ताच बंद होईल.

आणखी एक गोष्ट पेपर वाचताना लक्षात ठेव. 'अमुक रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून तत्त्वतः घोषित' अशी बातमी आली की लोक धावत जाऊन ट्रंक करतात. तत्त्वतः म्हणजे अजून झालेला नाही. अधिसूचना निघू दे, फलक लागू दे, मग बदल. तसंच बांधकाम चालू असलेल्या रस्त्याचं. चौपदरीकरणातल्या नव्या मार्गिकेवर अजून रोलर फिरत असेल तर तिला 'बांधकाम चालू' असाच टॅग राहू दे. उद्घाटनाची तारीख जाहीर झाली म्हणून आज सुरू दाखवलास, तर रात्री कुणी तरी त्या अर्धवट पुलाच्या तोंडाशी येऊन उभं राहील. आणि राष्ट्रीय महामार्ग दुपदरी, अरुंद असला तरी तो ट्रंकच. मराठवाड्यात, विदर्भात असे कितीतरी आहेत, काल-परवापर्यंत राज्य महामार्ग होते ते. किती पदरी आहे हे पदरांच्या रकान्यात लिही, वर्गातून कमी करू नकोस.

गर्दीनेही भुलू नकोस. सिंहगडचा रस्ता घे. खडकवासल्यावरून डोणज्याला आलीस की गोळेवाडीपासून घाट चढू लागतो आणि वर वाहनतळाशी संपतो. शनिवार-रविवारी तिथे गाडीला गाडी लागलेली असते, तासन् तास खोळंबा होतो. पण तो रस्ता गडापलीकडे कुठल्याच गावाला नेत नाही. त्याला टर्शरीच्या वर चढवायचं काही कारण नाही. आतकरवाडीहून पुणे दरवाज्याला जाणारी वाट तर गाडीची नाहीच. तिथे 'पाथ', आणि पायऱ्या आहेत तेवढ्या भागाला 'स्टेप्स'. माथेरानची तऱ्हा आणखी निराळी. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात, पुढे खासगी मोटारींना बंदी. आतले बरेच रस्ते लाल मातीचे, चांगले रुंद, सॅटेलाइटवरून बघणाऱ्याला वाटावं की आरामात गाडी जाईल. तिथे रुंदी बघून काही ठरवायचं नाही. मोटारींना मनाई आहे हे स्पष्ट लिहायचं, घोड्यांना आणि पायी चालणाऱ्यांना मोकळीक आहे हेही लिहायचं.

कोकणात आलीस की तुझी खरी परीक्षा. तिथे घराघरांतून उतरणारी जांभ्याची पाखाडी असते. ती वरून दोन घरांमधल्या रस्त्यासारखी दिसते, पण तिच्यावरून गाडी काय, सायकलही जात नाही. ती पायवाट, आणि पायऱ्या असतील तिथे पायऱ्या. वहाळावरचा साकव म्हणजे पायवाटेवरचा पूल, गाडीच्या रस्त्यावरचा नव्हे. फरशी पूल हा पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तेव्हा त्यावर पूर येतो ही नोंद हवीच, कारण जुलैतल्या मुसळधार पावसात नकाशा बघून निघणाऱ्याला तेवढीच एक नोंद वाचवू शकते. मोरी असेल तर बहुतेक वेळा रस्त्याला पूल म्हणायची गरज नसते. खालचा ओढा पाइपातून जातो असं ओढ्याच्या रेघेवर लिहितात. हे सारं दिल्लीत किंवा बर्लिनमध्ये बसलेल्या माणसाला कुठून कळणार? तुला कळतं. म्हणून तर तुझं तिथे असणं मोलाचं आहे.

आता तुझ्या मनातलं दुसरं ओळखून सांगते. वर्ग वाढवायचा नाही म्हटल्यावर गावच्या रस्त्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नाही असं वाटेल. अगं, खूप उरलं आहे. वर्ग हा एकच रकाना आहे. पृष्ठभाग डांबरी, सिमेंटचा की खडी-मुरुमाचा, किती पदर, वेगमर्यादा किती, कडेला फुटपाथ आहे का, रात्री दिवे असतात का, गेट कुठे आहे, सोसायटीच्या आतला रस्ता खासगी आहे का, प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे. दिव्यांचा रकाना तर आपणच भरायला हवा. रात्री एसटी स्टँडवर उतरून घरी चालत जाणाऱ्या मुलीला रस्ता सेकंडरी आहे की टर्शरी याच्याशी देणंघेणं नसतं; उजेड आहे की नाही हे तिला हवं असतं. या नकाशावर बायकांची संख्या कमी आहे, जगभर कमी आहे. लॅटिन अमेरिकेतल्या मैत्रिणींनी २०१६ मध्ये 'जिओचिकास' नावाचा गट त्यासाठीच काढला. ज्या गोष्टी आपण रोज पायी चालताना बघतो त्या नकाशावर आणणं हे आपलं काम आहे. स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइडवरचं ॲप घे. ते चालता चालता तुला विचारतं, हा रस्ता कशाचा आहे, इथे दिवे आहेत का. उत्तर दिलंस की नोंद झाली. सुरुवातीला यापेक्षा चांगली वाट नाही.

रेघा ओढताना काही गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघ. दोन रस्ते जिथे मिळतात तिथे दोघांचा बिंदू एकच असला पाहिजे. स्क्रीनवर ते चिकटलेले दिसतात, पण मधे केसाएवढी फट राहिली तर यंत्रासाठी तो रस्ता तिथे संपला. उड्डाणपूल असेल तर उलट: वरचा आणि खालचा रस्ता एका बिंदूत जोडायचा नाही, वरच्याला पूल म्हणून वेगळा तुकडा करून थर एकने वर दाखवायचा. नाहीतर नकाशा गाडीला पुलावरून थेट खाली वळायला सांगतो. दुभाजक खराखुरा असेल, सिमेंटचा, कठड्याचा, झाडं लावलेला, तरच दोन रेघा ओढ आणि दोन्हींना एकेरी दिशा दे. नुसता पांढरा पट्टा रंगवलेला असेल तर रेघ एकच. आणि जिल्हा मार्ग गावात शिरला म्हणून त्याला गावापुरता रेसिडेन्शिअल करू नकोस. एका टोकाला टर्शरी, मधे रेसिडेन्शिअल, पुन्हा टर्शरी असं केलंस की सलग रस्ता मधेच तुटल्यासारखा होतो. तो ज्या वर्गाने गावात आला त्याच वर्गाने बाहेर पडू दे.

काढायचं कशावरून, हेही नीट ऐक. गूगलच्या नकाशावर बघून एकही नाव, एकही रेघ उचलायची नाही. तो त्यांचा डेटा आहे, आणि आपला नकाशा सगळ्यांना मोकळा राहायचा तर त्यात परक्या मालकीचं काही मिसळता कामा नये. कुणी असं केलेलं उघडकीला आलं की त्याची सगळीच एडिट्स संशयात येतात आणि बरंच चांगलं कामही पुसावं लागतं. एडिटरमध्ये जी सॅटेलाइट चित्रं दिलेली असतात त्यांची परवानगी आहे, ती वापर. मात्र आपल्या सह्याद्रीत ती चित्रं बरेचदा सरकलेली असतात, घाटात तर जास्तच. आधी लोकांनी चढवलेले जीपीएसचे माग त्यावर ठेवून बघ, आणि चित्र त्यांच्याशी जुळवून मगच रेघ ओढ. चित्र किती जुनं आहे तेही बघ. सगळ्यांत मोठा पुरावा जमिनीवरचा. तू स्वतः तिथून गेली असशील, फलक वाचला असशील, तर तुझा शब्द चित्रापेक्षा जड.

आता माणसांविषयी. या नकाशाचे नोंदणी केलेले सभासद एक कोटीच्या वर आहेत. एकाच स्वयंपाकघरात इतक्या जणी वावरत असल्या की मीठ आणि साखर ठरल्या डब्यातच हवी, आणि डबे हलवायचे तर आधी विचारायला हवं. निकष एवढ्यासाठीच असतात. कुणी ओढलेल्या रेघेचा वर्ग तुला चुकीचा वाटला तर लगेच बदलू नकोस. आधी त्या रस्त्याचा इतिहास उघड. कुणी, कधी, काय सांगून बदल केला ते तिथे असतं. तिथेच दोन ओळी लिही: मी या रस्त्याने गेले आहे, फलकावर प्रजिमा लिहिलं आहे, तुम्ही प्रायमरी का केलं? बहुतेक वेळा समोरचा समजूतदार निघतो, आणि काही वेळा तुला ठाऊक नसलेलं काही त्याला ठाऊक असतं. नवी अधिसूचना निघालेली असते, किंवा बायपास झाल्यावर क्रमांक तिकडे गेलेला असतो. काही दिवस उत्तराची वाट बघ, मग बदल.

तुझी रेघ कुणी बदलली तर मनाला लावून घेऊ नकोस. कष्टाने काढलेल्या रस्त्यावर कुणी तरी हात फिरवला की वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. पण नकाशात काही पुसलं गेलं तरी इतिहासात राहतं, आणि चुकीचा बदल मागे घेता येतो. तो मागे घ्यायची घाई करू नकोस. तू बदललंस, त्याने परत केलं, तू परत बदललंस, असं सुरू झालं की थांब. शहाण्या माणसाने तिथे हात काढायचा आणि तिसऱ्याला विचारायचं. भारतातल्या मॅपर्सचे गट आहेत, तिथे मांड. कुणी ऐकतच नसेल, मुद्दाम खोडसाळपणा करत असेल, तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचा डेटा वर्किंग ग्रुप आहे. पण ती शेवटची पायरी.

प्रत्येक वेळी सेव्ह करताना बदलाचं कारण लिहायला विसरू नकोस. 'अपडेट' एवढंच लिहून काय कळणार? 'शाळेपासून वाडीपर्यंतचा रस्ता ट्रॅकवरून अनक्लासिफाइड, कच्चा. स्वतः पाहिला' असं लिही. आणि एका वेळी एका परिसरातलंच काम कर. अकोल्यातला एक आणि सावंतवाडीतला एक असे बदल एका गाठोड्यात बांधलेस, तर तपासणाऱ्याला अख्खा महाराष्ट्र धुंडाळावा लागतो. शंभर रस्त्यांचा वर्ग एका झटक्यात बदलण्याचा मोह झाला तर आवर. तशा घाऊक बदलांसाठी आधी सगळ्यांशी चर्चा करायची असा नियम आहे, आणि तो बरोबर आहे. एका चुकीच्या समजुतीने शंभर गावांचे रस्ते बिघडतात.

आणि एक काम तर खास तुझ्यासाठी राखून ठेवलंय. रस्त्यांची, गावांची, वाड्यांची मराठी नावं. नावाच्या मुख्य रकान्यात आपल्याकडे बहुधा इंग्रजी स्पेलिंग असतं, पण मराठीसाठी वेगळा रकाना दिलेला आहे आणि तो हजारो ठिकाणी रिकामा आहे. गावच्या फलकावर जसं लिहिलंय तसं, ऱ्हस्व-दीर्घ बघून, तिथे लिही. स्पेलिंग वाचून अंदाजाने लिहिलं की चुकतं. 'वडगाव' की 'वाडगाव', 'कळंब' की 'कळंबे', हे तिथल्या माणसालाच ठाऊक असतं. वाडीचं नाव लिहिताना वाडीतल्या चार जणांना विचार. गावाच्या तोंडी काय आहे तेच लिही.

तेव्हा आजोळचा रस्ता आहे त्याच वर्गात राहू दे, आणि त्याच्यासाठी एवढं कर. तालुक्याच्या फाट्यापासून वाडीपर्यंत एकदा सबंध जा. डांबर कुठे संपतं ते लिही. फरशी पूल कुठला आणि पावसात तो किती वेळा बुडतो ते गावात विचार, आणि पूर येत असेल तर तशी नोंद कर. शाळा, आरोग्य उपकेंद्र, एसटीचा थांबा दाखव. पाणंदी ट्रॅक म्हणून काढ, पाखाडी पायवाट म्हणून. वाडीपर्यंतचा शेवटचा तुकडा कुणी ट्रॅक करून ठेवला असेल तर त्याला सांगून दुरुस्त कर. प्रत्येक नाव मराठीत लिही. एवढं झालं की तुझ्या गावची रेघ बारीकच दिसेल, पण अडीअडचणीला निघालेली गाडी बरोबर दारात पोचेल, आणि नको तो ट्रक गावात शिरणार नाही. गावावरची माया नकाशावर दाखवायची तर ती अशी दाखव. कुठे अडलीस तर फोन कर, वेळकाळ बघू नकोस.